नावेचा तळ कोण खरवडतं?

(सातारा-सांगली जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



या सत्राला ‘महापूर आणि स्त्रिया’ असं नाव दिलेलं आहे. या विषयावर आपण बोलतो तेव्हा बहुधा छावणीतले प्रश्न घेतो. संडास-न्हाणीघर, पाळीचे कपडे, पंचनाम्यात नाव कुणाचं, मदतीचा चेक कुणाच्या खात्यावर. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत आणि दुपारच्या गटचर्चेत ते येणार आहेत. मला मात्र आज नावेच्या तळाबद्दल बोलायचं आहे. उन्हाळ्यात नाव पाण्याबाहेर काढतात, पालथी घालतात, जुनं डांबर किंवा जुना रंग खरवडून काढतात आणि नवा देतात. हे काम कोण करतं, त्याची किंमत कोण मोजतं आणि ते नीट झालं नाही तर कोण बुडतं, एवढंच मला मांडायचं आहे.

काही जणींना वाटेल, आता नाव राहिलीय कुठं? पूल झाले, एसटी आली. पण आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा वाईवरून, माहुलीवरून खाली येते. कराडला तिला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. कोयनेवरचं धरण १९६४ साली पुरं झालं आणि शिवसागराच्या पाण्यानं जावळी, महाबळेश्वर, पाटण तालुक्यांतली गावं उठवली. पुष्कळ लोक दूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसले. जे डोंगराच्या कुशीत राहिले त्यांची वाट पाण्याखाली गेली. बामणोली, तापोळा, कांदाटी खोरं, इथल्या माणसाला बाजार, शाळा, दवाखाना गाठायचा तर लाँच, होडी नाहीतर तराफा. अडलेल्या बाईला झोळीतून काठापर्यंत आणायचं आणि मग लाँचमध्ये घालायचं, हे त्या खोऱ्यातल्या बायांनी वर्षानुवर्षं भोगलेलं आहे.

इकडे सांगलीच्या बाजूला हरिपूरहून कोथळीला, औदुंबरच्या घाटावरून पलीकडे, लोक पिढ्यान्‌पिढ्या नावेनं गेले. पूल झाला तरी पलीकडच्या मळ्यात भांगलणीला जाणाऱ्या बाईला पुलाचा वळसा परवडत नाही. ती होडी धरते. होडी नसली तर गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून त्यात बसून जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आणि २००५, २०१९, २०२१ सारखा पूर आला की पूलच पाण्याखाली जातात. मग ज्यांनी वर्षभर होडीकडे ढुंकून पाहिलेलं नसतं त्यांनाही होडी आठवते.

आता कामाकडे येऊ. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं तेव्हा आम्हाला ‘श्रमाचं लिंगाधारित विभाजन’ असा एक धडा होता. तो नीट कळायचा असेल तर चैत्र-वैशाखात नदीकाठी जावं. कोळी, भोई, आंबी समाजाची जी घरं अजून नाव चालवतात त्यांच्याकडे या दिवसांत काय चालतं ते मी काही उन्हाळे बघते आहे.

पाणी उतरलं की नाव ओढून वर घेतात. ओढायला गडीमाणसं लागतात, गलका होतो, नारळ फुटतो. नाव दगडांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर पालथी घालतात. इथवर पुरुषांचं काम. मग पुरुष सुताराला बोलवायला, खिळे-डांबर आणायला गावात जातात आणि नावेपाशी बाया उरतात. तळाला शेवाळ वाळून बसलेलं असतं, त्याखाली गेल्या साली दिलेल्या डांबराचा थर असतो, त्याखाली आदल्या सालचा. हे सगळं खरवडून लाकूड उघडं करायचं. हत्यार कोणतं? घरातलं खुरपं. बाया हे काम पहाटे धरतात, कारण गारव्यात डांबर कडक असतं आणि खुरप्याच्या टोकाखाली कपच्या उडतात. ऊन चढलं की तेच डांबर मऊ होऊन खुरप्याला चिकटतं आणि हात नुसते काळे होतात. काही ठिकाणी उसाचं पाचट पेटवून त्याची धग तळाला देतात, डांबर सैल करून घेतात आणि मग खरवडतात. धग किती द्यायची, कुठं थांबायचं, हे अंदाजाचं काम आहे. जरा चुकलं तर फळी करपते.

खरवडून झालं की तळ पाण्यानं धुवायचा आणि नाव सावलीत वाळू द्यायची. भर उन्हात वाळवली तर फळ्या तडकतात. ओलावा राहिला आणि वरून डांबर मारलं तर तो ओलावा आत कोंडतो आणि लाकूड आतून कुजतं. म्हणून घाई करायची नाही. वाळल्यावर सुतार येतो, सैल फळी ठोकतो, गंजलेले खिळे बदलतो. सांध्यांत तेलात भिजवलेली सुताची वात ठासून भरायची, वरून राळेनं किंवा लांबीनं सांधा बंद करायचा. वाती वळतात बाया. राळ कुटतात बाया. डांबर तापवायला चूल पेटवतात बाया. मग डांबराचे दोन पातळ हात द्यायचे, पहिला हात पुरता वाळल्यावरच दुसरा. एकच जाड हात दिला तर वरून कातडी धरते आणि आत ओलं राहतं. शेवटी नाव उथळ पाण्यात ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं, सांधे घट्ट बसतात, आणि मगच ती माणसं न्यायला लायक होते.

लोखंडाची होडी किंवा काहील असेल तर काम वेगळं. तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, कारण उघडं लोखंड रातभर दवात राहिलं की पुन्हा गंजतं. फायबरची होडी असेल तर तिला फोड आलेत का, चिरा गेल्यात का बघायचं आणि ओला पेपर मारायचा. वस्तू बदलली तरी खरवडायचं काम ज्याच्या-त्याच्या घरच्या बाईकडेच येतं.

एका गावात अशीच नाव पालथी घातलेली होती. दोघी जावा आणि त्यांची सासू असं मिळून चार दिवस खरवडत होत्या. मी मोठीला विचारलं, “वैनी, नावेचं काम कोण करतं तुमच्यात?” ती म्हणाली, “मालक करत्यात की. आमी आपलं हात लावतो.” बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखांत डांबर, आणि म्हणे हात लावतो! हे उत्तर आपल्याला नवं नाही. शेतावर, गुऱ्हाळावर, हातमागावर, सगळीकडे बाई ‘हात लावते’. पण इथं त्याचा परिणाम बघा. सुताराची हजेरी ठरलेली असते. ती नावेच्या खर्चात धरतात. खरवडणाऱ्या बायांचे दिवस कुणी मोजत नाही. ग्रामपंचायतीची नाव असेल तर डागडुजीचं अंदाजपत्रक होतं, त्यात लाकूड, खिळे, डांबर, सुतार. खरवडणीची ओळच नाही. एका कार्यालयात मी त्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “ते त्यांचं घरचंच असतं ना मॅडम.” समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण ज्या कामाची नोंदच नाही त्याचं वेतन समान कसं करणार?

दुसरा परिणाम याहून गंभीर आहे आणि आजच्या माझ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. नावेची खरी अवस्था वर्षातून एकदाच दिसते, तळ खरवडलेला असतो तेव्हा. डांबर चढलं की सगळ्या नावा सारख्याच काळ्याभोर आणि नव्या दिसतात. म्हणजे नाव धड आहे की नाही हे ज्या चार दिवसांत कळतं, त्या चार दिवसांत तिच्याजवळ बसलेली असते बाई. तिला ते कळतंही. मघाशी सांगितलेल्या सासूबाई खुरप्याची मूठ फळीवर आपटत पुढे सरकत होत्या. घट्ट फळी ठक्क वाजते, कुजलेली भद्द वाजते. भद्द वाजली तिथं त्या दाभण टोचून बघत होत्या. दाभण सहज आत गेलं की खडूनं फुली. त्यांनी मला हेही सांगितलं की कुजकेपणा शोधायचा तो अगदी खालच्या फळीत नाही, पाण्याच्या रेघेपाशी. जे लाकूड सदा पाण्यात असतं ते टिकतं, जे ओलं-सुकं होत राहतं ते आधी जातं. आणि दुसरी जागा नावेच्या आत, जिथं पावसाचं पाणी साचून राहतं तिथं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत.

फुल्या पाच झाल्या. पुढं काय झालं ते ऐका. संध्याकाळी घरातले पुरुष आले, हिशेब केला, आणि दोन फळ्या बदलायच्या ठरल्या. उरलेल्या तीन फुल्यांवर लांबी भरून वरून डांबर मारायचं ठरलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तिकडची पन गेलीया.” पुढं कुणी त्यांना विचारलं नाही. मी त्या घराला दोष द्यायला हे सांगत नाही. फळीला पैसे पडतात, आणि पूल झाल्यापासून नावेचं उत्पन्न घटलेलं आहे. पण ज्ञान एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे असला की काय होतं ते यातून दिसतं. ज्या हाताला कुजकी फळी कळते त्या हाताला ती बदलण्याचा अधिकार नाही. नाव पुरुषाच्या नावे, घाटाचा ठेका पुरुषाच्या नावे, नावाडी म्हणून ओळखलं जाणारा पुरुष. आपण घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावण्याचा आग्रह धरला, शेताच्या उताऱ्यावर धरला. नावेपर्यंत आपण पोचलोच नाही.

आता आरोग्याचं बोलते, कारण खरवडणं हे धोक्याचं काम आहे आणि तो धोका बायांना कुणी सांगितलेला नसतो.

डांबर दोन जातीचं असतं. एक खनिज तेलातून निघालेलं, रस्त्यावर घालतात ते. दुसरं दगडी कोळशातून निघालेलं, कोलटार. दुकानात दोन्हीला डांबरच म्हणतात. कोलटार कातडीला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, आणि वर्षानुवर्षं त्याच्याशी काम करणाऱ्यांना कातडीचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध झालेलं आहे. रंगाच्या बाबतीत शिशाचा धोका आहे. लोखंडावर देण्याचा जुना शेंदरी रंग शिशाचा असायचा. घरगुती रंगात शिसं फार थोडंच असावं असा नियम भारतात २०१६ साली झाला, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता. जुन्या लाँचच्या, जुन्या होडीच्या अंगावर थरांखाली काय आहे ते खरवडणारीला माहीत नसतं. शिशाची धूळ नाकातोंडातून पोटात जाते. गरोदर बाईच्या पोटातल्या गर्भापर्यंत ती पोचते, अंगावरच्या दुधातून बाळाला जाते, आणि लहान मुलाच्या मेंदूची वाढ तिनं खुंटते. आणि आपल्या बाया कामाला बसतात तेव्हा पोर शेजारीच त्या कपच्यांत खेळत असतं.

यावर करता येण्यासारखं आहे, आणि ते महाग नाही. कोरडं खरवडायचं नाही, जुना रंग पाणी मारून ओला करून खरवडायचा, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला पदर बांधून बारीक धूळ थांबत नाही, धुळीचा चांगला मास्क आणि हातमोजे लागतात, आणि ते नावेच्या खर्चात धरायला लागतात. खाली ताडपत्री अंथरून कपच्या गोळा करायच्या, नदीत लोटायच्या नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं या कामाला बसायचं नाही. हात धुतल्याशिवाय भाकरीला, बाळाला शिवायचं नाही, आणि कामाचं लुगडं वेगळं धुवायचं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. बदललेल्या जुन्या फळ्या बाया चुलीला जळण म्हणून नेतात. रंग, डांबर लागलेलं लाकूड चुलीत घालू नका. त्याचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो आणि तो आपणच ओढतो.

रंग विकणाऱ्यांबद्दलही एक सांगते. समुद्रात बोटीच्या तळाला शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, लाकूड पोखरणारा किडा लागतो, म्हणून तिकडे तळाला विषारी रंग देतात. त्यात बहुधा तांबं असतं. पूर्वी कथलाचं एक संयुग, टीबीटी, वापरत. त्याच्या विषानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटू लागले, प्रजा बंद पडली. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ साली तो अमलात आला आणि बोटींसाठी ते रंग बंद झाले. बोटीच्या तळाला लावलेलं तिथंच राहत नाही, पाण्यात उतरतं, हा त्याचा धडा. कृष्णा-कोयनेच्या गोड्या पाण्यात ते शिंपले नाहीत, तो किडा नाही. इथं शेवाळ बसतं, ते काथ्यानं घासलं तरी निघतं. शेवाळानं खरबरीत झालेला तळ पाणी धरून ठेवतो आणि नाव जड चालते, हे सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत उतरणाऱ्या पोरांना चांगलं ठाऊक आहे. पण त्यासाठी विषारी रंग कशाला? ज्या पाण्यात आपण घागर बुडवतो त्यात तांब्याचं विष सोडायची गरज नाही. आणि उघड्या लोखंडावर तसा रंग दिला तर तांब्याच्या संगतीनं लोखंड उलट लवकर खातं. दुकानदार ‘बोटीचा स्पेशल’ म्हणून डबा पुढं करील, तेव्हा आत काय आहे ते वाचून घ्या, नाहीतर मुलीला वाचायला सांगा.

आता महापुराकडे वळू. ८ ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पाण्यानं वेढलेल्या लोकांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्यांत बायका होत्या, तान्ही लेकरं होती. तळ कुजला होता म्हणून ती बोट उलटली असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली होती. कारण दुसरी बोट नव्हती, आणि पाणी चढत होतं. चार दिवस अडकून पडलेल्या माणसाला ‘तू थांब, पुढच्या खेपेला ये’ असं कोण सांगणार? आणि बाया का जास्त बुडतात हेही आपल्याला माहीत आहे. त्यांना पोहायला शिकवलेलं नसतं, नऊवारी-सहावारी पायात गुंतते, कडेवर मूल असतं, आणि गुरांची, म्हाताऱ्यांची सोय लावून त्या शेवटी निघतात.

पण ब्रह्मनाळनंतर जे प्रश्न विचारले गेले त्यात एक प्रश्न फारसा ऐकू आला नाही. आपापल्या गावची होडी आज कुठं आहे आणि कशी आहे? मी काही गावांत हा प्रश्न घेऊन गेले. पूर आला की होड्या येतात, पूर ओसरला की त्या समाजमंदिरामागे, शाळेच्या पडवीत, झाडाखाली उताण्या पडून राहतात. आत पावसाचं पाणी साचतं, पालापाचोळा कुजतो, पोरं वर नाचतात. पुढं पाऊस तोंडावर आला की घाईनं वरच्या वर रंगाचा हात मारला जातो, बाहेरून ग्रामपंचायतीचं नाव टाकलं जातं आणि फोटो निघतो. खरवडणी नाही. खालची चीर तशीच. अशा होडीचा खरा तळ मग भर पुरात, माणसं बसल्यावर कळतो.

म्हणून मी म्हणते, खरवडणं हे किरकोळ काम नाही. ती तपासणी आहे. आणि ती तपासणी आज ज्या बाया करतात त्यांना तपासनीस म्हणून मान मिळाला पाहिजे.

याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जोडता येते. तळाला नवा रंग देतो त्याच दिवशी होडीच्या दोन्ही अंगांना एक पांढरी पट्टी ओढायची. होडी जास्तीत जास्त भरली की पाणी त्या पट्टीपर्यंत येईल, त्याच्यावर येता कामा नये. पाणी पट्टीला टेकलं की खेप बंद. ही कल्पना माझी नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जहाजांचे मालक जुनाट जहाजं वाटेल तेवढी भरून पाठवत, जहाज बुडालं तर विमा मिळे आणि खलाशी मरत. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या खासदारानं त्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ च्या कायद्यानं जहाजावर अशी रेघ असणं सक्तीचं झालं. रेघेचा फायदा असा की भांडण माणसाशी होत नाही. नावाड्याला ‘तू नको बसू’ असं कुणाला तोंडावर सांगावं लागत नाही, तो रेघ दाखवतो. अडाणी माणसालाही रेघ वाचता येते. रेघ कुठं ओढायची हे मात्र जाणकारानं, माणसं बसवून, उथळ पाण्यात तपासून ठरवायचं. आणि लक्षात ठेवा, पाणी प्यालेली, थरावर थर चढलेली होडी मुळातच जड असते आणि खोल बसते. म्हणजे पुन्हा तळ खरवडण्यापाशीच आपण येतो.

कायदा आपल्या बाजूला किती आहे? नद्या-जलाशयांतल्या बोटींचा १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा झाला. इंजिनाच्या बोटींची तपासणी आणि नोंदणी सक्तीची आहे. वल्ह्याच्या, म्हणजे यंत्र नसलेल्या नावांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे, आणि त्यांच्या नोंदणीचं काम राज्य सरकार जिल्हा, तालुका, गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे सोपवू शकतं अशी तरतूद आहे. ही तरतूद आपल्या कामाची आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. ती सभा किती गावांत खरोखर होते ते तुम्हीच जाणता. पण ती मागून घेतली तर नावेचा विषय तिथं ठेवता येतो.

मग मागायचं काय? मी पाच गोष्टी सुचवते, त्यात भर तुम्ही घालायची आहे. एक, गावातल्या प्रत्येक होडीची, खासगी असो की पंचायतीची, एक वही असावी. कोणत्या तारखेला तळ खरवडला, कुठल्या फळीत काय सापडलं, काय बदललं, कुणी पाहिलं, हे त्यात लिहावं. दोन, खरवडणाऱ्या बायांची हजेरी अंदाजपत्रकात धरावी आणि त्यांच्याच खात्यावर द्यावी, मास्क-हातमोज्यांसकट. तीन, तळ उघडा असताना महिला मंडळाच्या दोघी आणि खरवडणारी बाई यांनी पाहून सही केल्याशिवाय रंगाचा हात द्यायचा नाही. ज्या फळीवर फुली आहे ती बदलली का, एवढं बघायला इंजिनिअर लागत नाही. चार, पांढरी रेघ आणि होडीत बसतील तेवढी जीवरक्षक जाकिटं, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा. पाच, मुलींना पोहायला आणि वल्हं मारायला शिकवणं, गावात शिकवणाऱ्या पोहणाऱ्या बाया शोधून.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आपल्यातूनच येतो. बाईच्या डोक्यावर आधीच एवढी कामं, त्यात ही आणखी एक जबाबदारी कशाला? पण काम ती आजही करते आहे. आपण मागतो आहोत ते त्या कामाचं नाव, दाम आणि निर्णयातला वाटा. उलट काम मोजलं गेलं की ते वाटून घेण्याची भाषा सुरू होते. फुकट असतं तोवर कुणी वाटून मागत नाही.

दुसरा आक्षेप आपण जरा मोकळेपणानं ऐकायला हवा. तो नाववाल्या घरांतल्या बायांचा आहे. एक आक्का मला म्हणाल्या, “पूर आला की गाव आमच्या दारात, पूर गेला की आमचं दार कुनाला ठावं न्हाई.” महिला मंडळात त्या घरांतल्या किती बाया आहेत? आज या मांडवात किती आहेत? नावेची तपासणी गावातल्या वजनदार घरच्या बाया करणार आणि खुरपं पुन्हा त्याच बायांच्या हातात, असं झालं तर आपण नुसता एक मुकादम वाढवला. म्हणून त्या तीन सह्यांपैकी पहिली सही खरवडणारीची. सही येत नसेल तर अंगठा, पण पहिला.

आपल्या भागाला हे शिकवावं लागत नाही. धरणग्रस्तांच्या मोर्चांत कोयनेच्या खोऱ्यातल्या बाया पुढं होत्या. परित्यक्ता बायांचा प्रश्न इंदुताई पाटणकरांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी याच दोन जिल्ह्यांत, घरात दबलेला होता तो रस्त्यावर आणला. नवऱ्यानं टाकलेली बाई ही घरची गोष्ट, असंच तेव्हाही म्हणत होते. नाव खरवडणं ही घरची गोष्ट, असं आज म्हणतात.

मृग आता फार लांब नाही. गावी गेल्यावर एवढं करा. आपली होडी कुठं आहे ते शोधा. उताणी पडली असेल तर पालथी घालायला लावा. कुणाच्या तरी घरातलं दाभण घ्या आणि नाववाल्या घरातल्या थोरल्या बाईला बरोबर घ्या. त्या जिथं टोचतील तिथं बघा, त्या सांगतील ते लिहून घ्या. १ मेच्या ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव घेऊन वाचा. पुढच्या शिबिराला प्रत्येक मंडळानं आपापल्या होडीची वही घेऊन यावं, अशी माझी विनंती आहे.

आता मी थांबते. दुपारच्या गटचर्चेत आपण वहीचा नमुना मिळून करूया.